धारेवरची खरखर

होक्काइदो, २८ सप्टेंबर

दमयंती,

"फोनवर तू नुसता 'हं' आणि 'बघू' करतोस, त्यापेक्षा कागदावर लिही," असं म्हणालीस. तर लिहितोय.

आधी मुद्द्याचं. तुझं म्हणणं मला समजलंय. हॉकीचा हंगाम मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपेल, तोवर तू विचारणार नाहीस. संपला की मी एकतर तिकडे तुझ्याकडे इचिकावाला यायचं, नाहीतर येणार नाही असं स्पष्ट सांगायचं. मधलं काही चालणार नाही. बरोबर लिहिलंय ना? तुझे शब्द मी बदलत नाही.

आता माझं. तुला तोयोसुच्या प्रयोगशाळेत एवढी चांगली जागा मिळाली, आपल्या जुईचं कॉलेजही तिथून जवळ, याचा मला आनंदच आहे. मला पोटदुखी झाली वगैरे तुझ्या भावाच्या डोक्यातून आलेलं. पण गणपतीत इथं आलीस, ताटावर बसलो, आणि तू म्हणालीस, "चल आता माझ्याबरोबर. तुला काही करावं लागणार नाही." तो घास अजून खाली गेलेला नाही. पन्नाशीच्या माणसाला असं म्हणतात? पिंपरीच्या कारखान्यात मी दहावीवर टूल ग्राइंडरपाशी उभा राहिलो. ड्रॉइंग वाचायला मला कुणी शिकवलं नाही, मी शिकलो. तुझ्या मागे या देशात आलो, तेव्हा बर्फाच्या रिंकवर भाड्याचे स्केट देण्याचा बाइतो, म्हणजे तासावरचं काम, धरला. आज शिराकाबा संघातल्या प्रत्येक खेळाडूचे स्केट माझ्या हाताखालून जातात. व्यावसायिक आइस हॉकीचा संघ आहे तो. तुझा भाऊ म्हणतो तसं 'चाकू-कात्रीला धार' नव्हे.

इतक्या वर्षांत तुला हे काम नीट समजावलं नाही, ती चूक माझी. स्केटच्या पात्याच्या तळाला लांबीभर बारीक पन्हळ असते. तिच्या दोन कडा म्हणजे दोन धारा. पन्हळ खोल असली की धार बर्फात रुतते आणि वळण घट्ट बसतं. उथळ असली की वेग मिळतो, पण पाय धरत नाही. कुणाला किती खोल लागते ते तो खेळाडू आणि मी, दोघांनाच माहीत. ग्राइंडिंग झालं की धारेवर पोलादाची अगदी बारीक खरखर राहते. तिला बर म्हणतात. ती बोटाच्या पेराने शोधायची आणि काळ्या दगडाने घासून काढायची. मशीन कुणालाही चालवता येईल. बर शोधणं हे बोटाचं काम.

पहिला सामना जिंकलो, चार-दोन. बाटल्यांची झाकणं काढून वेगळी टाकत जा. इचिकावाचे कचऱ्याचे नियम इथल्यासारखे नसतील, भिंतीवरचं पत्रक वाच.

गुणवंत


२६ ऑक्टोबर

दमयंती,

फराळाचा डबा मिळाला. चिवडा तुमच्या तिकडच्या निशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानातला आहे हे पहिल्या घासाला कळलं, तू शेंगदाणे इतके काळे होऊ देत नाहीस. चकली मात्र तुझी. माएदा-सान, म्हणजे आमच्या सामानखात्याचे प्रमुख, त्यांनी दोन खाल्ल्या आणि विचारलं, "हा आकार साच्याने येतो की हाताने?" मी म्हटलं, साचा असतो, पण गोल हातानेच फिरवावा लागतो. ते म्हणाले, "मग हे तुमच्याच घरातलं." म्हातारा बोलतो कमी.

संघाची तब्येत बरी नाही. पाच संघांतले पहिले चार प्ले-ऑफला जातात आणि आम्ही सध्या चौथे-पाचवे असे वर-खाली करतोय. कर्णधार कुदो-सान तुला आठवत असेल, जुईला सायकल शिकवणारा. छत्तीस वर्षांचा झाला. बचावात अजून त्याच्यासारखा दुसरा नाही, पण त्याच्या डाव्या पात्याची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर झिजतेय. म्हणजे तो उजवा गुडघा वाचवतोय. गेल्या वर्षीपासून. त्याने मला सांगितलेलं नाही, मी त्याला विचारलेलं नाही, प्रशिक्षकाला तर नाहीच नाही. तो फक्त दर महिन्याला पन्हळ जरा खोल मागतो आणि मी देतो.

तुला आमची पद्धत माहीत आहे. माझी खोली आणि खेळाडूंची खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे. स्केट तिथून येतात, तिथूनच जातात. खेळाडू आले की मी आत जायचं नाही, त्यांनी माझ्याकडे यायचं नाही. माएदा-सानने ही रीत घातली आहे. धार लावणाऱ्याने खेळाडूचं तोंड बघितलं की त्याचा हात बदलतो, म्हणे.

जुईला विचारलं, सामने बघतेस का? तिचं उत्तर जपानीत आलं, 'बाबा'चंही 'ओतोसान' करून, "बघते. ओतोसान, कॅमेऱ्यात येतोस तेव्हा तुझे हात सारखे खिशात का असतात?" तिला सांग, रिंकवर थंडी असते.

गुणवंत


१४ डिसेंबर

दमयंती,

या वेळी पत्रात 'तुम्ही' लिहिलंस. रागावलीस की मला 'तुम्ही' होतो, हे वीस वर्षांत बदललं नाही. "तुमचं अक्षर असं कसं झालं? 'क्ष' तर वाचताच येत नाही. डॉक्टरकडे जाऊन या." अक्षरासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का? इथं उणे अकरा आहे. पेनातली शाई घट्ट होते. रेषा ओढायला जोर लागतो आणि जोर लावला की वळण जातं. एवढंच. आणि तो पाठवलेला बिनबटणाचा स्वेटर चांगला आहे, पण माझ्याकडे बटणाचे तीन आहेत, आणखी कशाला?

चहाचा निळा कप फुटला. तुझा लाडका होता म्हणून सांगतोय, तू येऊन शोधशील. ओट्यावरून घसरला.

काम उत्तम चाललंय. सांगायला हरकत नाही, या हंगामात माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. मागच्या वर्षी मध्यंतरात दोघे-तिघे तरी खिडकीतून स्केट परत सरकवायचे, "गुन-सान, डावी जरा बघाल का?" म्हणून. यंदा कुणी नाही. खिडकी उघडायची वेळच येत नाही. परवा माएदा-सानना मी ते बोलून दाखवलं. ते ग्लोव्ह शिवणाऱ्या सातो-सानकडे बघत म्हणाले, "हो, यंदा सगळे शांत आहेत." सातो-सानने सुईत दोरा ओवायला घेतला.

हा हंगाम माझा सगळ्यांत चांगला चाललाय असं मला वाटतं. मार्चमध्ये काय ठरवायचं ते ठरवताना हेही धरशील अशी आशा आहे.

गुणवंत


१८ जानेवारी

दमयंती,

काल काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे निदान माझं मला कळेल.

दुपारचा सामना होता. स्केट तयार केले, खिडकीतून दिले, पलीकडून नेहमीसारखं एकेकाचं विनंतीचं "ओनेगाइशिमास" आलं. मी खोली झाडायला घेतली तर बाकाखाली एक स्क्रू. पातं बुटाला धरून ठेवणारा. डोकं बघून ओळखला, त्या बनावटीचे बूट एकट्या कुदोचे. मी तो बसवून आवळला होता, दमयंती. आवळल्याचं मला पक्कं आठवत होतं. म्हणजे हातातून सुटला, आणि मी नुसताच पाना फिरवत बसलो होतो.

त्या पात्यावर तो बर्फावर उतरला असता तर त्याचा खेळ संपायला गुडघ्याचं निमित्तही लागलं नसतं. खिडकी ठोकली. पलीकडे संगीत चालू असतं, कुणी ऐकलं नाही. म्हणून दार उघडून आत गेलो. पहिल्यांदाच.

सगळे बाकांवर ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर स्केट उलटा, हातात काळा दगड, आणि धारेवरून तो पुढे-मागे चाललेला. त्यांच्या संगीताखालून तो आवाज येत होता. माझ्या खोलीतला आवाज. माझी राहिलेली बर ते काढत होते.

मी दिसलो तसे हात थांबले. गोलकीपरने दगडावर टॉवेल टाकला. कुणी तरी संगीत बंद केलं, ते तर फारच वाईट झालं. मग आओकी, सगळ्यांत बोलका, म्हणाला, "गुन-सान, आज बर्फ जरा कडक आहे ना, म्हणून आपलं सहज…"

दुसरा म्हणाला, "हो, आज फारच कडक आहे."

"कालपासूनच आहे," तिसरा.

एवढी दांडगी माणसं, पुढचे दात नसलेली, आणि माझ्यासमोर बर्फाच्या कडकपणाची साक्ष देत होती.

मी कुदोसमोर हात पुढे केला. "स्क्रू राहिला," म्हटलं. त्याने माझ्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात रिकामा होता. दारापासून तिथपर्यंत येताना तो परत पडला होता आणि मला कळलं नव्हतं. मी मूठ घट्ट धरून आलो होतो.

कुदो उठला. दारापाशी गेला, उजवा गुडघा न वाकवता कसाबसा खाली वाकला, स्क्रू उचलला आणि स्वतः बसवला. "बरं झालं आलात," म्हणाला, आणि मान लववली. सगळ्यांनी लववली. मी परत खोलीत येऊन दार लावून घेतलं.

हरलो, पाच-एक. त्याचं कारण स्केट नव्हते, हे नोंदवून ठेवतो.

तर माझी बोटं. उजव्या हाताची मधली तीन. थंडीत आधी पांढरी पडतात, मग त्यांतलं काही कळत नाही. काही दिवस चाललंय हे. पन्हळ मी डोळ्यांनी आणि मशीनच्या आवाजावर कापतो, ती आजही चोख असते. फक्त बर राहते. हात फिरवला की मला धार गुळगुळीतच लागायची. सगळंच गुळगुळीत लागत होतं.

जुईला लगेच सांगू नकोस. सांगशील, माहीत आहे.

गुणवंत


१ फेब्रुवारी

दमयंती,

तुझं पत्र आलं. मी चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. कुणाचा ते ठरत नव्हतं.

तू लिहिलंस: "आरतीच्या वेळी निरांजन लावताना काडी तुझ्या बोटापर्यंत जळत आली. तू माझ्याशी बोलत होतास. कातडीचा वास मला आला, तुला नाही. मी फुंकर घातली तर म्हणालास, अगं, दिवा विझेल. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, माझ्याबरोबर चल."

म्हणजे 'काही करावं लागणार नाही' ते यासाठी होतं.

आणि मी पाच महिने तो घास घशात धरून बसलो. तुला माझ्या कामाची लाज वाटते, असं मनात धरून तुला काय काय लिहिलं. तू तेव्हाच का बोलली नाहीस, असं विचारणार होतो, पण उत्तर मला माहीत आहे. बोटाचं नाव काढलं असतंस तर मी त्याच संध्याकाळी मशीन सुरू करून तुला दाखवायला उभं केलं असतं.

कुदोशी बोललो. रिंकच्या मागे तो गाडीवरचा बर्फ काढत होता.

विचारलं, "कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"सगळ्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याच्याच पात्याला राहतेय. आओकी घरी जाऊन दगड फिरवायचा. मी गाडीत बसून फिरवायचो. एक दिवस गोलकीपर शौचालयात सापडला, तेव्हा सगळ्यांना कळलं."

"मला का नाही सांगितलं?"

तो काच खरवडतच म्हणाला, "गुन-सान, माझ्या गुडघ्याचं तुम्ही प्रशिक्षकांना का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मला गुडघ्याचं काही माहीत नाही." तो हसला. त्याचेही पुढचे दोन दात नाहीत.

घरी आल्यावर मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. बिनबटणाचा स्वेटर. "कणीक मळून घेऊ नकोस, पोळ्या फ्रीजरला पाठवते." "जड किटली टाकून दे, विजेची घे." मला वाटायचं, दूर राहून हुकूम सोडते आहे.

अजून काही ठरवलेलं नाही. हंगाम संपायचा आहे. तू विचारणार नव्हतीस, आणि विचारलेलंही नाहीस, तेवढं मात्र पाळलंस.

गुणवंत


८ मार्च

प्रिय दमयंती,

हंगाम संपला. शेवटचा सामना आम्ही तीन-दोन जिंकलो, पण पलीकडचा निकाल हवा तसा लागला नाही. पाचवे. प्ले-ऑफ नाही. रेडिओवर दुसऱ्या सामन्याचा निकाल आला तेव्हा कुदो अजून बर्फावर प्रेक्षकांना मान लववत होता, आणि लोक त्याला सांगायलाच तयार होईनात. शेवटी एका आजीबाईने पहिल्या रांगेतून ओरडून सांगितलं. तो तिच्यासमोर आणखी खाली वाकला. पुढच्या वर्षी तो खेळणार नाही.

महिनाभराचं सांगतो. मी माएदा-सानसमोर जाऊन सरळ बोललो की माझी बोटं गेली आहेत, काय करायचं? ते म्हणाले, "डोळे आणि कान शिल्लक आहेत ना?" आणि सातो-सानला माझ्या खोलीत आणून बसवलं. तीस वर्षं चामड्यात सुई घालणारी बाई. तिच्या पेरांना कागदाची सुलट-उलट कळते. मी कापायचं, तिने तपासायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "इथं काय लागतंय?"

"खरखर आहे."

"किती?"

ती विचार करून म्हणाली, "मांजराच्या जिभेएवढी."

हे माप कुठल्याही तक्त्यात नाही. मी दगड फिरवला. "आता?"

"मांजराच्या पिल्लाच्या."

पुन्हा फिरवला.

"आता मांजर गेलं."

मला ते आधी पोरकट वाटलं. आठवड्याने मीच विचारायला लागलो, "सातो-सान, मांजर आहे का?" नंतर मशीनही तिला दिलं. पहिली पन्हळ वाकडी आली, दुसरीही. मी तिच्या हातावर हात ठेवून दाब किती ते सांगू शकत नव्हतो, मग तिने माझ्या हातावर तिचा ठेवला आणि मी कापताना दाब ओळखून घेतला. शिकवण्याची ही पद्धत तिने काढली, मी नाही. शेवटच्या सामन्याचे सगळे स्केट तिने केले. मी टेबलाशी उभा होतो आणि एकदाही हात घातला नाही. हे सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. खिडकीतून स्केट गेले, तिने "ओनेगाइशिमास"ला उत्तर दिलं, आणि मी कान लावून बसलो. आतून फक्त संगीत येत होतं.

संपल्यावर माएदा-सान म्हणाले, पुढच्या हंगामात सप्टेंबरमध्ये दोन आठवडे येऊन तिचं काम बघून जा, राहायचं आमच्याकडे. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. ते म्हणाले, "बरोबर आहे." तर विचारतोय.

मी येतोय. स्पष्ट लिही म्हणाली होतीस, म्हणून वेगळ्या ओळीत लिहितो आहे.

घर महिनाअखेर सोडायचं आहे. खोकी आधी पाठवतो, कुरियरवाला दारात ठेवेल, तू उचलू नकोस, जुईलाही उचलू देऊ नकोस, मी आल्यावर हळूहळू आत घेईन. दोन्ही हातांनी घेतली तर जमतं. घरी बसून मी काय करणार, हे मला माहीत नाही. त्याची भीती वाटते, आणि हे लिहायला मला 'मी येतोय'पेक्षा जास्त वेळ लागला. पण या भीतीसकट येतो. तू म्हणालीस तसं काही करावं लागणार नाही, हे मला नको आहे. काय काय करता येईल ते बसून बघू. पोळ्या लाटता येणार नाहीत. भाजणं येईल, पण चटका कळत नाही, तेव्हा तू जवळ असताना.

डॉक्टरची वेळ घे. तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलेला, हातांचाच डॉक्टर. मी आधी म्हणणार होतो की माझं जपानी चांगलं आहे, मी एकटा जाईन. चांगलं आहेच. तरी तू आत ये. तो विचारेल, हे कधीपासून होतंय. मी कमी सांगेन, मला ठाऊक आहे. तू शेजारी बस, आणि खरं काय ते सांग.

तुझा
गुणवंत